घराचा सौदा: चंद्रपूर-गडचिरोलीत भावाच्या आधी काय बोलायचं?

घर बघितलं, आवडलं, मालक ओळखीचाच निघाला. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभ्या उभ्या बोलणं झालं, संध्याकाळी चहावर भाव ठरला. ‘दुसरी पार्टी आजच टोकन द्यायला तयार आहे,’ असं दलाल म्हणाला म्हणून लाख-दोन लाख बयाणाही देऊन टाकला. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वरोरा, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली, अहेरी, कुठेही जा, आपल्याकडचे बरेच सौदे याच क्रमाने होतात. आधी भाव, मग बयाणा आणि सगळ्यात शेवटी कागद. कागदात काही निघालं तर तोवर पैसे अडकलेले असतात आणि समोरचा माणूस रोज मशिदीत भेटणारा असतो.

या दोन जिल्ह्यांत हा क्रम उलटा करायला हवा. पुण्या-नागपुरात फ्लॅट घेणाऱ्याला जे प्रश्न पडत नाहीत, ते इथे पडतात. खाली कोळशाची खाण आहे का? जमीन झुडपी जंगलाची आहे का? मूळ मालक आदिवासी होता का? प्लॉट नझूलचा आहे का? इरई नदीची पूररेषा कुठून जाते? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर घराच्या किमतीवर परिणाम करतं. काही उत्तरं अशी असतात की मग किंमत बोलण्यातच अर्थ उरत नाही.

म्हणून खरेदीदाराने आधी मनाशी दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. काही दोष भाव कमी करून घेण्याचे असतात. काही दोष सौदा सोडून देण्याचे असतात. दुसऱ्या प्रकारच्या दोषावर ‘चला, दोन लाख कमी करा’ म्हणणं म्हणजे आपणच आपली फसवणूक करून घेणं.

ज्यावर घासाघीस करायचीच नाही

पहिली आदिवासींची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम ३६ आणि ३६ अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्यासाठी राज्य सरकारची पूर्वमान्यता लागते. १९७४ पासून हा नियम कडक आहे. अशा परवानगीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही, जमीन परत जाऊ शकते. गडचिरोलीत धानोरा, एटापल्ली, अहेरी, कुरखेडा हे भाग आणि चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-जिवतीकडची बरीच गावं संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतात, पण कलम ३६ अ केवळ तिथेच लागू आहे असं समजू नका. शहराला लागून असलेल्या ले-आऊटमधला प्लॉटही मूळ आदिवासी खातेदाराचा असू शकतो. आजचा सातबारा स्वच्छ दिसला तरी जुने फेरफार मागे मागे वाचत जावे लागतात. ‘पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो, नोटरी करून देतो, आममुखत्यारपत्र देतो’ असं कोणी म्हणालं तर समजायचं की रजिस्ट्री होणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे. मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या अशा विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शिवाय हा कायदा एका कमजोर समाजाची जमीन हातातून जाऊ नये म्हणून आहे. आडवाटेने त्याला बगल देऊन घर बांधणं आपल्या दीनलाही शोभणारं नाही, हे माझं स्पष्ट मत.

दुसरी झुडपी जंगलाची जमीन. हा शब्द विदर्भाबाहेर कोणाला फारसा माहीत नसतो. मालगुजारी संपली तेव्हा गुरचरण, खुरटी झुडपं, मुरमाड पडीक अशा जमिनी महसूल दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदल्या गेल्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी ८६,४०९ हेक्टर जमीन आहे. तिच्यावर शाळा उभ्या राहिल्या, कार्यालयं उभी राहिली, वस्त्याही उभ्या राहिल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही जमीन वनजमीनच मानली जाईल. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागा केंद्राकडे प्रस्ताव पाठवून नियमित करून घेता येतील, त्यानंतरच्या वाटपांची मात्र वेगळी, कडक छाननी होईल. ‘चाळीस वर्षांपासून वस्ती आहे, काही होत नाही’ हे विकणाऱ्याचं वाक्य आहे. घेणाऱ्याला लागतो तो सातबारा आणि त्यावरची नोंद. जुन्या गावांत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हेही मागून बघावं. नावावरून हे कागद आपल्या आजोबांच्या पेटीतले वाटतात, पण तलाठ्याच्या आणि भूमी अभिलेखच्या दप्तरात ते आजही जिवंत आहेत. कुठली जागा गावाच्या सामायिक वापराची, हे त्यातून कळतं.

तिसरी गोष्ट जमिनीच्या खालची. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. नंतर आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, सास्ती, दुर्गापूर या पट्ट्यात घर घेताना जागेखाली जुनी खाण आहे का, आणि जागा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली संपादनासाठी अधिसूचित आहे का, हे वेकोलिच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि तहसील कार्यालयात लेखी विचारावं. संपादनाच्या यादीतलं घर ‘मोबदला मिळेल’ म्हणून महाग विकणारेही भेटतात. मोबदला किती आणि कधी मिळेल हे त्यांच्या हातात नसतं, तुमच्याही नसतं.

चौथी वक्फची जमीन. वक्फ मालमत्तेची विक्री, बक्षीस, गहाण, सगळं कायद्याने मुळातच रद्दबातल आहे. मशीद, दर्गा, कब्रस्तान, ईदगाह यांच्या लगतची जागा स्वस्तात मिळत असेल तर आधी महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाची यादी आणि ‘उमीद’ पोर्टलवरची नोंद तपासावी. दोन पिढ्यांपूर्वी मुतवल्लीने भाड्याने दिलेली जागा आज भाडेकरूची नातवंडं ‘आमचीच’ म्हणून विकायला काढतात, हा प्रकार आपल्या समाजाला नवा नाही.

दोन भाऊ सही करतात तेव्हा अर्धंच घर विकलं जातं

आपल्या मोहल्ल्यांतली जुनी घरं बहुतेक वारसांच्या नावावरही चढलेली नसतात. आखीव पत्रिकेवर अजून दादांचं नाव, कराच्या पावतीवर मोठ्या मुलाचं, आणि विकायला आलेत दोघे भाऊ. इथे थांबून हिशेब करायचा.

समजा, घरमालक वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. हनफी वारसा नियमाने पत्नीचा वाटा एक अष्टमांश. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे प्रत्येक मुलाचा वाटा एक चतुर्थांश आणि प्रत्येक मुलीचा एक अष्टमांश. सौदा २४ लाखांचा असेल तर आईचे ३ लाख, दोन भावांचे प्रत्येकी ६, तीन बहिणींचे प्रत्येकी ३. दोघा भावांनी मिळून विक्रीपत्रावर सही केली तर त्यांनी १२ लाखांचंच घर विकलं. उरलेलं अर्धं आई-बहिणींचं राहतं आणि तुम्ही त्याचे २४ लाख मोजलेले असतात.

‘बहिणींनी माफ केलं’ हे उत्तर आपल्याकडे ठरलेलं आहे. माफ केलं असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा, एवढंच म्हणायचं. नसेल तर विक्रीपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या घ्यायच्या आणि पैसे प्रत्येकाच्या खात्यात वेगळे जमा करायचे. यात खरेदीदाराचं संरक्षण आहेच, आणि अनेकदा त्या घरातल्या बहिणीला आयुष्यात पहिल्यांदा तिचा वाटा तिच्या खात्यात दिसतो. भाऊ नाराज होतील, होऊ देत.

वारसांत कोणी अज्ञान असेल तर आणखी सावध राहा. मुस्लिम कायद्यात अल्पवयीनाची स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार बापाला, आजोबांना किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीला असतो. आई किंवा काका आपल्या मर्जीने विकू शकत नाहीत, न्यायालयाची परवानगी लागते. तोंडी हिब्याचंही तेच. मुस्लिम कायद्यात तोंडी बक्षीस वैध ठरू शकतं, त्याला नोंदणीची सक्ती नाही. म्हणूनच ‘अब्बांनी मला तोंडी दिलं होतं’ म्हणणारा चौथा माणूस रजिस्ट्रीनंतर उभा राहू शकतो. घरात आज प्रत्यक्ष कोण राहतं आणि कशाच्या आधारावर, हे शेजाऱ्यांना विचारावं. शेजारी सहसा खरं सांगतात.

शेजाऱ्यावरून आठवलं. शुफा, म्हणजे शेजारी किंवा भागीदाराचा आधी घेण्याचा हक्क, याची धमकी कधीकधी दिली जाते. केवळ शेजारी असल्याच्या आधारावरचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच घटनाबाह्य ठरवला आहे. मात्र घरातला सहहिस्सेदार वेगळा. एका भावाचा अविभक्त हिस्सा विकत घेताना दुसऱ्या भावाची लेखी संमती घेतलेली बरी.

ज्यावर भाव कमी होतो, आणि किती

आता घासाघीस. त्यासाठी आधी खरा भाव माहीत हवा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या भागातले झालेले व्यवहार बघता येतात, सूची क्रमांक २ काढता येते. पण तिथली किंमत जशीच्या तशी धरू नका. आपल्याकडे बरेच लोक रेडी रेकनरच्या आसपासचीच रक्कम लिहितात, बाकी हातात. त्यामुळे ई-सर्चवरून सरकारी मूल्य कळतं आणि कोणी कोणाला विकलं ते कळतं. बाजारभावासाठी बँकेच्या पॅनलवरच्या मूल्यांककाला फी देऊन मूल्यांकन करून घ्यावं. काही हजार जातात, पण बोलताना हातात दुसऱ्याने काढलेला आकडा असतो. ‘मला वाटतं’पेक्षा ‘मूल्यांकन एवढं आलंय’ या शब्दांना वजन असतं.

नझूलचा प्लॉट असेल तर तो भाडेपट्ट्याचा आहे का, पट्ट्याचं नूतनीकरण झालंय का, भोगवटादार वर्ग १ मध्ये रूपांतर झालंय का, हे आखीव पत्रिकेवर दिसतं. रूपांतराला पैसे लागतात आणि वेळ लागतो. तो खर्च कोणाचा, हे भाव बोलतानाच ठरवायचं. विक्रेत्याने रूपांतर करून द्यावं, नाहीतर तेवढी रक्कम किमतीतून वजा व्हावी. शर्तभंग झालेला असेल तर आकडा मोठा असतो, म्हणून आधी नझूल कार्यालयातून अंदाज घ्या.

ले-आऊटमधला प्लॉट किंवा त्यावरचं घर असेल तर अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा मागा. आपल्याकडे त्याला सगळे ‘एनए-टीपी’ म्हणतात. तो नसेल तर ती शेतजमीन तुकडे करून विकलेली असते. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, त्यात २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं घेतली गेली. तुकडेबंदीतही २०२५ मध्ये राज्य सरकारने जुने व्यवहार नियमित करण्याचा रस्ता उघडला. पण रस्ता उघडला म्हणजे तुमचा प्लॉट नियमित झाला असं नाही. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ती अनियमित जागाच आणि तिचा भावही अनियमित जागेचाच. गावात ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून ‘हेच मालकीचं’ सांगतात. ती कराची नोंद आहे. कर भरला म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

चंद्रपूर शहरात परकोटाच्या आतलं किंवा त्याला चिकटून असलेलं घर घेताना आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने करता येतं. गोंड राजांच्या या शहरात परकोट, दरवाजे, समाध्या वस्तीत मिसळल्या आहेत. ‘खालचं घ्या, वर दोन मजले चढवा, भाड्याने द्या’ असं सांगून विकणारा तुम्हाला न होणाऱ्या मजल्यांचा भाव लावत असतो. जे उभं आहे त्याचेच पैसे द्या.

नदीचं बोलू. जुलै २०२२ च्या पुरात चंद्रपुरात इरईकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, रहमतनगर त्यातलंच. रहमतनगरात आपली किती कुटुंबं आहेत हे सांगायला नको. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या-लालच्या मध्ये अटी. महापालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर सांगून घर कुठल्या रेषेत येतं ते लेखी घ्या. निळ्या रेषेच्या आत असेल तर सोडा. दोन रेषांच्या मध्ये असेल तर भाव खाली यायलाच हवा, आणि बरीच खाली. भिंतीवर पाण्याची जुनी रेघ रंगाने झाकता येते, पण जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे, संडासाच्या भिंतीला ती सापडते. शक्य असेल तर घर एकदा पावसात आणि एकदा नवतपात बघा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर दुपारी तीन वाजता उभं राहिलं की भाव आपोआप कमी वाटू लागतो. बोअरला मे महिन्यात पाणी किती, हेही तेव्हाच कळतं. उघड्या खाणीजवळच्या घरात भिंतींचे तडे नीट बघा. तिरपे, खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारे तडे सुरुंगाच्या हादऱ्याचे असू शकतात, ते प्लास्टरने भरून जात नाहीत.

गडचिरोलीकडे सध्या उलटा प्रकार आहे. सूरजागडचं लोहखनिज, कोनसरीचा कारखाना, वडसा-गडचिरोली रेल्वे, या नावांवर आजच्या प्लॉटला दहा वर्षांनंतरचा भाव सांगितला जातो. राहायला घर घ्यायचं आहे की गुंतवणूक करायची आहे हे आधी ठरवा. राहायचं असेल तर शाळा, दवाखाना, मशीद, पाणी आणि पावसाळ्यात न तुटणारा रस्ता यांचा भाव द्या. प्रकल्पाचा भाव प्रकल्पवाल्यांना देऊ द्या.

‘दुसरी पार्टी’ आणि मोहल्ल्याचा भाव

एक गोष्ट उघड बोलायला हवी. आपल्या कुटुंबांची घर शोधण्याची जागा बऱ्याचदा चार-पाच मोहल्ल्यांपुरती असते. काही कारणं आपली, मशीद जवळ हवी, नातेवाईक जवळ हवेत. काही कारणं आपली नाहीत, दुसऱ्या वस्तीत ‘घर द्यायचं नाही’ हे कधी स्पष्ट, कधी गोड शब्दांत सांगितलं जातं. परिणाम एकच. पर्याय कमी, म्हणून सौद्यात हात कमजोर. विक्रेत्याला आणि दलालाला ते पक्कं माहीत असतं. विकणारा आपल्यातलाच असला तरी तो या मजबुरीचे पैसे घेतो.

यावर एकच व्यवहारी उपाय आहे. एका घरावर जीव लावायच्या आधी तीन घरं बघा, आणि त्यातलं एक तरी नेहमीच्या मोहल्ल्याबाहेरचं असू द्या. मागे हटता येतं त्याचाच शब्द सौद्यात चालतो. नव्या इमारतीतला फ्लॅट हाही पर्याय असू शकतो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेरात नोंदवावाच लागतो, आणि करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बांधकामातल्या मोठ्या दोषाची पाच वर्षांची जबाबदारीही त्याच्यावर असते. जुन्या घराच्या विक्रेत्यावर अशी कुठलीच जबाबदारी नसते.

आणि ती ‘दुसरी पार्टी’. खोटा गिऱ्हाईक उभा करून भाव चढवणं, याला हदीसमध्ये नज्श म्हटलं आहे आणि त्याची स्पष्ट मनाई आहे. एकाचा सौदा चालू असताना दुसऱ्याने मध्ये घुसून बोली लावण्यालाही मनाई आहे. विकणाऱ्याने वस्तूतला दोष लपवू नये, दोघांनी खरं सांगितलं तर सौद्यात बरकत आणि लपवलं तर बरकत जाते, ही हकीम इब्न हिजाम (रजि.) यांच्याकडून आलेली रिवायत बहुतेकांना माहीत आहे. ती दुकानात लागू होते तशी घराच्या सौद्यातही. दलाल ‘दुसरी पार्टी’ म्हणाला की शांतपणे म्हणावं, ‘त्यांचं होऊ द्या भाऊ, आमचे कागद बघून व्हायचेत.’ दुसरी पार्टी खरी असेल तर घर जाईल. बहुतेक वेळा चार दिवसांनी फोन येतो.

कागद मागितले की ‘विश्वास नाही का?’ हा प्रश्न येतो. उत्तर सोपं आहे. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दलच आहे. लिहून घेणं हा अविश्वास असता तर असा हुकूम आलाच नसता.

बयाणा: किती, कशाच्या बदल्यात, आणि परत कधी

बयाणा हा शब्दच बैअ, म्हणजे विक्री, यातून आला आहे. सौदा मोडला तर तो जप्त करता येतो का, यावर फिकहमध्ये मतभेद आहेत. हनफी, मालिकी आणि शाफई उलेमांच्या मते जप्त करता येत नाही, परत द्यावा लागतो. हंबली मतात परवानगी आहे आणि जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९३ मध्ये तीच बाजू घेतली. आपल्याकडे बहुतेक लोक हनफी असूनही ‘बयाणा बुडाला’ हा रिवाज मात्र बिनधास्त चालतो.

म्हणून सौदाचिठ्ठीतच लिहून घ्या. कागदात दोष निघाला किंवा एखाद्या वारसाने सही दिली नाही, तर पूर्ण बयाणा १५ दिवसांत परत. खरेदीदाराने विनाकारण माघार घेतली, तर विक्रेत्याचा प्रत्यक्ष खर्च तेवढा वजा. विक्रेत्याने दुसऱ्याला विकलं, तर बयाणा परत आणि शिवाय खरेदीदाराचा खर्च. सौदाचिठ्ठीवर सगळ्या वारसांच्या सह्या, रजिस्ट्रीची शेवटची तारीख, घरातल्या कुठल्या वस्तू राहणार, थकलेला कर आणि वीजबिल कोणाचं, हे सगळं यावं. बयाणा किमतीच्या ५ टक्क्यांपुढे नेऊ नका आणि तो चेकने किंवा खात्यावरच द्या. घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. मग वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल काढा आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. राजुरा, कोरपना, जिवती हा भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिकडचे जुने कागद उर्दूत निघाले तर वाचणारा माणूस आपल्याच मदरशात सापडेल, तेवढा तरी फायदा घ्या.

नंबर एक, नंबर दोन

विक्रेता म्हणतो, ‘३० लाख. कागदावर १८, बाकी १२ हातात.’ सरकारी मूल्य १८ लाखच आहे, असं धरू. इथे घाबरून न जाता पाटी-पेन्सिल काढावी. समजा, भाव २७ लाख ५० हजारांवर आणला आणि सगळे पैसे चेकने द्यायचं ठरलं. कागदावर ९ लाख ५० हजार वाढले. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत साधारण ६ टक्के धरलं तर तुमचे ५७ हजार वाढतात, नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार, ती ९,५०० ने वाढते. विक्रेत्याला वाढलेल्या रकमेवर १२.५ टक्के दराने भांडवली नफ्याचा कर फार तर १ लाख १९ हजारांच्या आसपास, वर थोडा अधिभार, आणि त्याने ते पैसे दुसऱ्या घरात गुंतवले तर तोही वाचू शकतो. म्हणजे ज्या ‘नंबर एक’ला सगळे घाबरतात त्याचा दोघांचा मिळून खर्च पावणेदोन-दोन लाख. हा खर्च अर्धा-अर्धा वाटून घेण्यावर बोलणं होऊ शकतं. घर पत्नीच्या, आईच्या किंवा मुलीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे याच उदाहरणात २७,५०० रुपये तिथेच परत आले. शुल्काचा नेमका आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या, नगरपरिषद आणि ग्रामीण भागात तो वेगळा असतो.

हातात दिलेल्या १२ लाखांची पावती नसते. सौदा कोर्टात गेला तर तुम्ही १८ लाखांचेच खरेदीदार. उद्या घर विकताना तुमची खरेदी किंमत १८ लाखच धरली जाणार आणि कर तुम्ही भरणार. साक्षीदारांसमोर खोटी किंमत लिहिण्याचा मुद्दा वेगळाच, त्याचा हिशेब या पाटीवर होत नाही.

व्याज टाळायचं असेल तर

भारतात इस्लामी बँक नाही, रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. गृहकर्जाबद्दल उलेमांमध्ये एकमत नाही. १९९९ मध्ये युरोपातल्या फतवा परिषदेने तिथल्या मुस्लिमांना गरज म्हणून अटींसह सूट दिली, अनेक उलेमा ती मान्य करत नाहीत. आपल्या परिस्थितीत काय, ते मुफ्तीसाहेबांना विचारा. पण सौद्याच्या टेबलावर एक मार्ग खुला असतो आणि तो फार कमी लोक वापरतात. विक्रेत्यालाच मुदत मागा. रोख किमतीपेक्षा थोडी जास्त, पण एकदाच ठरलेली किंमत, आणि ती हप्त्यांत. बहुतेक फिकही मतांनुसार हे चालतं, अट एवढीच की उशीर झाला म्हणून रक्कम वाढत जाता कामा नये.

विक्रेत्याची भीती असते की रजिस्ट्री केली आणि पैसे बुडाले तर? त्यावर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये उत्तर आहे. विक्रीपत्र झालं पण किंमत पूर्ण मिळाली नाही, तर उरलेल्या रकमेपुरता विक्रेत्याचा बोजा त्या घरावर राहतो. तसं विक्रीपत्रात स्पष्ट लिहा: एवढी रक्कम मिळाली, एवढी बाकी, या तारखांना देय. शेवटचा हप्ता दिला की बोजामुक्तीचा नोंदणीकृत लेख करून घ्या. निवृत्त झालेले, मुलं बाहेरगावी असलेले मालक याला तयार होतात, कारण त्यांना एकगठ्ठा पैशापेक्षा दर महिन्याची रक्कम सोयीची असते. विचारल्याशिवाय मात्र कोणी सांगत नाही.

भावाभावांनी किंवा आखातातल्या मुलाने पैसे घातले असतील तर ज्यांचे पैसे त्यांची नावं आणि हिस्से विक्रीपत्रातच यावेत. ‘घर सगळ्यांचंच’ हे वाक्य पुढच्या पिढीला वाटणी करून देत नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी किमतीतले ५० हजार ते लाखभर मागे ठेवा आणि ते विक्रीपत्रात लिहा. घर रिकामं करून किल्ली दिल्यावर, कराची आणि महावितरणची थकबाकी भरल्याच्या पावत्या दाखवल्यावर ते द्यायचे. त्यानंतर शहरात असाल तर नगर भूमापन कार्यालयात आखीव पत्रिकेवर, गावात असाल तर तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवण्याचा अर्ज द्या. फेरफार मंजूर झाल्याची प्रत घेऊन विक्रीपत्राच्या फाइलीत लावा, आणि फाइल कुठे ठेवली ते घरातल्या बायकांनाही माहीत असू द्या.